स्थळ : तलावाचा काठ

९ नोव्हेंबर १९५८, मुळशी

फुलाबाई आज सकाळी दिवाळीसाठी भावाकडे गेली. धुणंभांडी आता दहा दिवस माझ्याच गळ्यात. "धा दीस म्हंजे धाच, बाय. आकराव्या दिशी मी हाय दारात," असं बोटांवर मोजून सांगून गेली आहे. तिचं माहेर घाटाखाली कुठेतरी आहे. चालत दोन दिवस लागतात म्हणे.

ती नसली की घर फार गप्प होतं. म्हणून दुपारी भुंगेऱ्यांच्या पेट्या ओसरीत उन्हाला काढल्या. पावसाळ्यात दोघांना बुरशी धरली होती, ती स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कुंचल्यानं पुसली. शेणातला शिंगवाला तर पुसल्यावर नव्या बुटासारखा चमकला.

फिरती वही परवा आली आहे, तिला अजून हात लावलेला नाही. आम्ही तिघं ही वही चालवतो. मी इथे, हैबतराव ढमाले पौडला आणि जयसिंग पुण्यात. हैबतराव शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, आता निवृत्त आहेत. जयसिंग कॉलेजात प्राणिशास्त्राचे प्रयोग घेतात, नोकरी अजून तात्पुरती आहे. ज्याला नाव न कळलेला भुंगेरा सापडेल त्यानं तो टाचणीला लावून, वहीत वर्णन लिहून, दोन्ही पुढे धाडायचं. प्रत्येकानं आपल्या शाईत मत द्यायचं. नियम एकच, लिहिलेलं खोडायचं नाही. चुकलं तर खाली तारीख घालून दुरुस्ती लिहायची. हा नियम मीच केला आहे.

१९ नोव्हेंबर

फुलाबाई शब्दाला जागली. डोक्यावरचं गाठोडं उतरवायच्या आत कमरेची बांबूची नळी काढून माझ्या हातात दिली. "ह्ये घ्या. तुमच्या किड्यांत टाका." आणि घागर घेऊन पाण्याला गेली.

नळीत पाच भुंगेरे होते. एकाचा पाय तुटलेला, बाकी चार सुरेख. वाघभुंगेरे. डोळे बाहेर आलेले, पाय काटकुळे, जबडे कात्रीसारखे एकमेकांवर आलेले. पाठ काशाच्या रंगाची, तिच्यावर सायीसारख्या पांढऱ्या वेलांट्या. असा मी कधी पाहिला नव्हता. पायांना वाळलेली माती होती आणि एकाला काहीतरी चिकट लागलेलं. सगळं हलक्या हातानं पुसून टाकलं.

हे पाण्याच्या काठी राहणारे. इथे पाणी म्हणजे तलावच. लगेच बारीक अक्षरात चिठ्ठ्या केल्या : स्थळ मुळशी, तलावाचा काठ. १९ नोव्हेंबर १९५८.

२ डिसेंबर

पेटी आणि वही पौडला रवाना. पेटीत कापूस कमी वाटला म्हणून जुनी शाल फाडून घातली. एका भुंगेऱ्यापायी शाल फाडणारी बाई म्हणून माझी नणंद मला कधीच माफ करणार नाही.

२१ डिसेंबर

वही परत आली. हैबतरावांनी हिरव्या शाईत लिहिलं आहे, "वहिनी, याच्या पाठीवरची वेलबुट्टी काढताना माझे दोन चष्मे थकले. नाव मला ठाऊक नाही. पण ज्यानं ही नक्षी केली तो माझ्यापेक्षा बरा ड्रॉइंग मास्तर आहे." शेजारी चित्र. त्यांनी चित्र काढलं की भुंगेरा टाचणीवरून उतरून चालू लागेल असं वाटतं.

जयसिंगनी चार पानं भरली आहेत. ग्रंथालयातली सगळी पुस्तकं पालथी घातली, नाव सापडलं. पण पुस्तकं म्हणतात, हा फक्त समुद्रकाठी आणि खाडीच्या चिखलात राहतो. गोड्या पाण्यावर कोणी नोंदवलेला नाही, आणि इतक्या उंचीवर तर नाहीच. मग ते लिहितात, "काकू, धरण होऊन तीस-पस्तीस वर्षं झाली. तलावामुळे नवा किनारा तयार झाला आणि कोकणातून हा घाट चढून आला, असं तर नसेल? तसं असेल तर फार मोठी गोष्ट आहे."

वही घेऊन मी ओसरीत येऊन बसले. समोर पाणी निळंशार होतं. त्या पाण्यानं आजवर नेलेलंच मला माहीत होतं.

२२ डिसेंबर

काल लिहिलं ते वाचून पाहिलं. जरा भाबडं आहे, पण खोडत नाही.

मी पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये होते तेव्हा सुट्टीत घोड्यावरून गावी यायची. मग लग्न झालं आणि मी विदर्भात गेले. गावाहून वडिलांचं शेवटचं पत्र आलं त्यात एवढंच होतं की सामान हलवलं आहे, आता पत्रं पुण्याच्या पत्त्यावर घालावीत. गाव पाण्याखाली जाताना मी पाहिलं नाही. यजमान गेल्यावर इथे दोन खोल्या घेऊन राहिले त्याला चार वर्षं होतील. लोक विचारतात, इथेच का? मी सांगते, हवा चांगली आहे. फक्त मे महिन्यात फार उकडतं, तेव्हा नणंदेकडे पुण्याला जाते.

७ जानेवारी १९५९

तीन दिवस घर भरलेलं होतं. हैबतराव आणि जयसिंग भुंगेरा शोधायला आले होते. जयसिंग प्रथमच आले. उंच, लाजरे, जेवताना पानात पडेल ते संपवणारे.

तिघंही सकाळपासून काठानं गुडघ्यावर रांगत होतो. दुसऱ्या दिवशी रंभाबाई मारणे धुण्याला आल्या. माझ्या दोन खोल्या त्यांच्याच मालकीच्या.

"काय हरवलं वं?"

जयसिंग खरं सांगायला तोंड उघडणार तोच हैबतराव म्हणाले, "वहिनींची ठेवणीतली नथ पडली."

मग काय, अर्ध्या तासात दहा बायका काठावर. फुलाबाईसुद्धा. पदर खोचून चिखल चिवडत होती. मी हैबतरावांना बाजूला घेतलं. "अहो, मला नथ होती कुठे?"

"वहिनी, किडा म्हटलं असतं तर एकही आली नसती. आता वीस डोळे जास्त आहेत."

वीस डोळ्यांनाही काही दिसलं नाही. संध्याकाळी बायका हळहळत परतल्या. रंभाबाई म्हणाल्या, "नशिबात आसंल तर गावंल." मला फार अपराधी वाटलं.

जयसिंग खचलेले नाहीत. म्हणाले, थंडीत हे जमिनीत दडत असतील. नमुने तर हातात आहेत, चिठ्ठ्या तुमच्या अक्षरातल्या आहेत, आणखी काय हवं? त्यांचे सर वर्षभर सांगत आहेत, स्वतःचं काहीतरी दाखवा, मग कायम करतो. जूनमध्ये तो प्रश्न निघेल. मुंबईच्या नियतकालिकात टिपण धाडायचं ठरलं. माझं नाव घालू नका म्हटलं, तर म्हणाले, "तुमच्याशिवाय टिपणच नाही, काकू."

२० जानेवारी

जयसिंगनी टिपणाची नक्कल पाठवली. इंग्रजी सुरेख आहे. "श्रीमती वेणूताई शितोळे यांना मुळशी तलावाच्या काठी" अशा अर्थाचं वाक्य आहे. ते मी दोनदा वाचलं. खरं सांगायचं तर चारदा. छापील अक्षरात माझं नाव आजवर फक्त लग्नपत्रिकेत आलं आहे, आणि तिथेही मधलं नाव चुकलं होतं.

८ फेब्रुवारी

आज सकाळी फुलाबाई भांडी घासता घासता म्हणाली, "बाय, नथ गावली का न्हाई?"

महिनाभर तिच्या जिवाला ते लागून राहिलं होतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "फुलाबाई, नथ नव्हतीच. आम्ही किडा शोधत होतो. तू दिलेला, तो वाघ." आणि पेटी उघडून दाखवली.

तिनं राखेचे हात तसेच वर धरून पेटीत पाहिलं. मग हसायला लागली. इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"ह्यो? ह्यो हितं कसा गावंल, बाय? ह्यो तर आमच्या खाडीचा!"

"कुठल्या खाडीचा?"

"माज्या भावाकडल्या. म्हायेरच्या. व्हटी लागून पानी मागं ग्येलं की चिखलावर निस्ते पळत्यात. भाताच्या काडीला फणसाचा चीक लावायचा आन वरून टेकवायचा. ल्हानपनी लई धरलं म्या."

मी पेटीतली चिठ्ठी पुन्हा वाचली. तिला वाटलं असावं, मला नीट कळलं नाही.

"आवं, म्हायेरास्नं येताना मोकळ्या हातानं कसं येयाचं? भावजयीनं सुकट दिली, ती तुमी खात न्हाई. म्हनलं, बायला किडं आवडत्यात. किडं न्यावं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी कुटं इच्यारलं?"

ते खरंच आहे. तिनं नळी दिली त्या दिवशी मी एक शब्द विचारला नाही. चिठ्ठ्या करायची घाई झाली होती.

जाताना दारात थांबून ती हळूच म्हणाली, "का वो, खाडीचा चालत न्हाई व्हय?"

म्हटलं, "चालतो. फार चांगला आहे."

९ फेब्रुवारी

काही केलं नाही.

११ फेब्रुवारी

हिशेब असा. टिपण एप्रिलच्या अंकात यायचं आहे. फुलाबाई इंग्रजी नियतकालिक वाचणार नाही. हैबतरावांना शंका नाही. पुढे कोणाला तलावाकाठी हा भुंगेरा मिळाला नाही, तर म्हणतील, नंतर नाहीसा झाला असेल. जयसिंग कायम होतील. खोटं मी लिहिलेलं नाही, लिहिलं तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. मग कोणाचं काय बिघडलं?

हे सगळं बरोबर आहे. तरी जेवण जात नाही.

१४ फेब्रुवारी

आज सिस्टर बर्नाडिन आठवल्या. कोकोच्या रिकाम्या डब्यात भुंगेरे ठेवायच्या. आम्ही मुली काहीतरी पकडून नाचत गेलो की त्या आधी तीन गोष्टी विचारायच्या : कुठे, कधी, कोणी. सांगता आलं नाही तर डबा परत. "मग हा फक्त एक मेलेला किडा आहे, मुली," असं शांतपणे म्हणायच्या. मला त्याचा फार राग यायचा. सुंदर असला तरी?

माझ्या चिठ्ठीवर कुठे चुकलं, कधी चुकलं, आणि कोणी हे तर मी लिहिलंच नव्हतं.

तरी खरी गोष्ट अजून लिहिली नाही. ती ही की मला तो भुंगेरा या पाण्याचाच हवा आहे. का, ते मला सांगता येत नाही. जयसिंगच्या नोकरीचं मी स्वतःला सांगते, पण पहाटे जाग येते ती त्या नोकरीमुळे नाही.

१७ फेब्रुवारी

लिहून टाकलं. आधी जयसिंगना पत्र, आजच्या टपालानं. मग वहीत, त्यांच्या चार पानांखाली, तारीख घालून : "वरील पाचही नमुने मुळशीचे नाहीत. कुलाबा जिल्ह्यातल्या खाडीवरचे आहेत. मी चौकशी न करता चिठ्ठ्या लिहिल्या. चूक सर्वस्वी माझी आहे."

नव्या चिठ्ठ्यांसाठी फुलाबाईला विचारत बसले. गावाचं नाव, वाडीचं नाव. पकडणाऱ्याचं नाव लिहायचं आहे म्हटल्यावर ती सावरून बसली.

"नवऱ्याचं नाव लावायचं ना, फुलाबाई?"

"त्याचं का म्हून? त्यो कवा खाडीला ग्येला? बाचं लावा. फुला गोमा."

नखाएवढ्या कागदावर तेवढं बसलं.

३ मार्च

जयसिंगचं पत्र. पाच ओळी. टिपण मागे घेतलं. सर म्हणाले, पुढल्या वर्षी बघू. खाडीवर हा भुंगेरा असतो हे सर्वांना माहीत आहे, त्यामुळे त्यात नोंदवण्यासारखं काही नाही. कळवल्याबद्दल आभारी आहे. खाली सही. नेहमीचं "काकू, प्रकृतीला जपा" नाही.

२९ मार्च

वही जयसिंगकडे गेली ती परत आली नाही. हैबतरावांचं कार्ड आलं, "वहिनी, पोरगा घुम्यासारखा झाला आहे. माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. तीन दिवस रांगून माझे गुडघे गेले त्याची तक्रार मी कोणाकडे करू? नथ मी हरवली, तेव्हा निम्मी चूक माझ्या नावावर लिहा."

हसू आलं. पण पेट्या उघडाव्यात असं वाटत नाही.

१२ एप्रिल

फुलाबाई शिमग्याला जाऊन आली. या खेपेला तिनं मला काय आणलं असेल? काही नाही. दारात ओशाळून उभी होती. "मागल्या टायमाला घोळ झाला. म्हनलं, नगो आता."

मला इतकं वाईट वाटलं की मी तिला आत बसवून चहा दिला. चहा पिता पिता ती म्हणाली, "तुमचं म्हायेर कंचं, बाय? तुमी कंदी जात न्हाई ती."

मी ओसरीतून बोट दाखवलं. तिला आधी पलीकडचा डोंगर वाटला.

"डोंगूर न्हवं?"

"अलीकडे. पाण्यात."

तिनं डोळ्यांवर हात आडवा धरून पाण्याकडे पाहिलं. मग अगदी साधेपणानं विचारलं, "मंग उन्हाळ्यात दिसत आसंल की. मे म्हैन्यात पानी पार खाली जातं. चिखुल उघडा पडतो, घरांची जोती दिसत्यात. मी गेलीया तितनं कैकदा. तुमी कंदी बगितलं न्हाई?"

म्हटलं, "मे महिन्यात मी इथे नसते."

ती उठली. कप धुऊन पालथा घातला आणि गेली.

२ मे

नणंदेला कार्ड टाकलं, यंदा येत नाही.

जयसिंगनाही लिहिलं. माफी पुन्हा मागितली नाही, एकदा मागितली ती पुरे. एवढंच लिहिलं : "पाणी उतरलं की तळाचा चिखल उघडा पडतो असं फुलाबाई सांगते. थंडीत आपण चुकीच्या वेळी शोधलं. काही मिळेल असं मी म्हणत नाही. येणार असाल तर वही आणा."

१९ मे

जयसिंग काल संध्याकाळी आले. हैबतराव त्यांना बसस्टँडवरून जवळजवळ धरूनच घेऊन आले. वही काखेत होती. माझ्याशी बोलताना जयसिंग जमिनीकडे पाहत होते.

आज सकाळी सातलाच निघालो. पुढे फुलाबाई, मागे आम्ही. पाणी खरंच फार आत गेलं होतं. चिखल वरून वाळून भेगाळलेला, पाय टाकला की खाली मऊ. जयसिंगनी जाळी काढली. दोन तास पळापळ केली आणि हाती काही लागलं नाही. फुलाबाई त्यांच्याकडे बघत उभी होती.

"दादा, जाळ्यानं त्यो वाऱ्यावर उडतो. ह्ये घ्या." फणसाचा चीक लावलेली काडी तिनं त्यांच्या हाती दिली.

हैबतराव म्हणाले, "घ्या, प्रोफेसर. नवीन प्रात्यक्षिक."

जयसिंग हसले. मला वाटतं तीन महिन्यांत पहिल्यांदाच. मग काडी घेऊन माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "काकू, एका भुंगेऱ्याच्या पोटाखाली थोडी माती राहिली होती. करडी होती. मी भिंगाखाली पाहिली होती. इथली माती लाल आहे."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मला विचारायचं नव्हतं," ते म्हणाले.

म्हटलं, "मलाही."

पुढे फुलाबाईनं हाक मारली. "बाय, ह्ये बगा जोतं."

मी जवळ गेले. तीन पायऱ्या होत्या, त्यातली मधली तुटकी. ती माझ्या आठवणीतही तुटकीच होती. आत अंगण होतं, म्हणजे अंगणाएवढा चिखल. त्याच्या मधोमध जमिनीत बसवलेलं दगडी उखळ. आत पाणी साचलेलं. मी पायरीवर बसले.  हैबतराव पाठमोरे होऊन डोंगराचं चित्र काढत बसले.

उखळाच्या कडेला काहीतरी पळालं, थांबलं, पुन्हा पळालं. मातकट, बारीक, करंगळीच्या नखाएवढा वाघभुंगेरा. जयसिंगनी श्वास रोखून काडी खाली नेली.

भिंगातून पाहून ते म्हणाले, "हा नेहमीचाच आहे, काकू. नदीकाठी, तळ्याकाठी, सगळीकडे असतो. नाव मला पाठ आहे. यात विशेष काही नाही."

"असू दे," म्हटलं. "वहीत घालायचा आहे."

चिठ्ठी मी तिथेच पायरीवर बसून लिहिली. स्थळ लिहिताना 'तलावाचा काठ' असं माझ्या हातून येणार होतं. थांबले. मग गावाचं नाव लिहिलं, जांभूळटेप. त्याखाली तारीख, आणि पकडणारे म्हणून जयसिंगचं नाव. छत्तीस वर्षांत गावाचं नाव मी कुठे लिहिलं नव्हतं. जयसिंगनी चिठ्ठी वाचली. एरवी त्यांनी नकाशा उघडून पाहिलं असतं. आज त्यांनी ती टाचणीला लावली आणि विचारलं, "जांभूळमधला भू दीर्घच ना?"

"हो," मी म्हटलं. "आणि जांभळं खरंच होती. विहिरीच्या वाटेवर, दोन्ही बाजूंना."

"कंच्या अंगाला व्हती हीर?" फुलाबाईनं विचारलं. मग मी उठले आणि त्या तिघांना गाव दाखवायला निघाले.